बिल्ला नेमका कोणाचा?
अमेरिकेतल्या कब स्काउट चळवळीत पहिलीतली मुले ‘टायगर’ होतात आणि त्यांच्या उपक्रमांत घरचे किंवा जवळचे एक मोठे माणूस सोबत असावेच लागते. बिल्ला मिळवण्याचा निकष एवढाच, की मुलाने आपल्या परीने उत्तम प्रयत्न करावा. मग घरच्यांच्या साक्षीने मिळालेल्या बिल्ल्याला किंमत ती काय, आणि बक्षिसाच्या नादात मूळ गोडीच आटली तर? हा आक्षेप पोकळ नाही. १९७३ साली मानसशास्त्रज्ञ लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांच्या प्रयोगात प्रशस्तिपत्रक आधीच कबूल केलेल्या बालकांची चित्रे काढण्याची आवड पुढे घटली. पण ती मुळात आवडीची गोष्ट होती, आणि ज्यांना पत्रक अनपेक्षित मिळाले त्यांची आवड टिकून राहिली. गाठी मारणे, नकाशा वाचणे ही कामे बहुतेक मुलांना नवी. तिथे बिल्ला पहिले पाऊल टाकायला लावतो. खरा धोका पालकांच्या हौसेचा. कब स्काउटच्या १९५३ पासूनच्या ‘पाइनवुड डर्बी’ शर्यतीत मुलाने पालकाच्या मदतीने लाकडी ठोकळ्याची गाडी करायची असते. बापानेच सगळी घडवली, तर जिंकतो बाप आणि शिकत कोणीच नाही. म्हणून पालकांनो, सोबत जरूर बसा, पण हत्यार मुलाच्या हाती द्या. गाडी वाकडी झाली तरी चालेल.