पवईहून डोंगरापलीकडे

‘थ्री इडियट्स’मध्ये (२००९) वसतिगृहाच्या खिडकीपर्यंत चढलेला ड्रोन आठवतो? डोळे पाणावल्यामुळे नीट पाहिला नसेल. तो खरा होता. पवईच्या आयआयटीतून बाहेर पडलेल्या तरुणांच्या ‘आयडियाफोर्ज’ने बनवलेला.  याच मंडळींनी डीआरडीओसोबत ‘नेत्र’ हा ड्रोन घडवला. २०१३च्या उत्तराखंड प्रलयात त्याने अडकलेल्यांचा शोध घेतला. २०२१मध्ये लष्कराने ‘आयडियाफोर्ज’कडून ‘स्विच’ हा ड्रोन मागवला. तो हेलिकॉप्टरसारखा सरळ उठतो, मग विमानासारखा उडतो. डोंगरात धावपट्टी कुठून आणायची? धारेपलीकडची हालचाल तुकडीला आता चढण चढण्याआधीच पडद्यावर दिसते. बॅटरी टिकेल तोवर, अर्थात.