उलाळ गाडी

सुगीच्या दिवसांत मादन हिप्परग्यास जाणे झाले, की अंगणातील तुरीच्या पोत्यांची थप्पी आणि तिच्या शेजारी उभी असलेली पुतण्याची पिकअप गाडी हे दृश्य ठरलेले. आळंद तालुक्यातील या काळ्या रानात तूर उत्तम पिकते. गुलबर्ग्याच्या, म्हणजे आजच्या कलबुर्गीच्या, तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पूर्वी हा माल बैलगाडीने बाजारास जाई. आता तो पिकअपमधून आळंदला, कलबुर्गीला, तर कधी सीमा ओलांडून दुधनीला जातो.

गेल्या खेपेस गाडीचे तोंड मला उचललेले दिसले. पुतण्या कौतुकाने म्हणाला, "काका, रिकामी असली की पुढे झुकलेली दिसायची. पुढच्या स्प्रिंगांवर स्पेसर बसवून दोन इंच वर घेतली. आता कशी सरळ उभी आहे!"

गाडी सरळ दिसत होती खरी. पण तिचे ते झुकणे हा मुळी दोषच नव्हता. मालवाहू गाडीच्या मागील पाट्यांना मोठे ओझे पेलायचे असते, म्हणून ते ताठ आणि चढ्या कमानीचे ठेवतात. गाडी रिकामी असता मागची बाजू त्यामुळे वर राहते. पोती भरली की पाटे दबतात आणि गाडी आपोआप समतल होते. रिकाम्या गाडीचे तोंड उचलून घेतले, तर भरलेली गाडी आभाळाकडे पाहू लागते.

त्याच संध्याकाळी तूर भरून आम्ही आळंदला निघालो. वाटेत अंधार पडला. समोरून मोटारसायकलवर येणाऱ्या एका तरुणाने एकाएकी डोळ्यांपुढे हात धरला, त्याचा तोल गेला आणि तो सडकेखाली उतरून पडला. दैव बलवत्तर, म्हणून खरचटण्यावर निभावले. पुतण्याचा चेहरा पांढरा पडला. "काका, दिवे डिपरवरच होते हो!" तो पुनःपुन्हा सांगत होता.

ते खोटे नव्हते. पण साधा हिशोब पाहा. पुढच्या व मागच्या आसांत सुमारे ३ मीटर अंतर असते. पुढचा भाग ५ सेंटिमीटर उचलला, की दिव्याचा झोत ६० मीटरवर ठरल्या जागेपेक्षा १ मीटर वर जातो. जो प्रकाश सडकेवर पडावयाचा, तो समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो. शिवाय उंची बदलली की पुढच्या चाकांचे कोन बिघडतात आणि टायर एका कडेने झिजू लागतात. त्यातच काही पोती मागच्या आसाच्याही मागे रचली, तर पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंगची पकड सुटू लागते.

आमचे वडील बैलगाडी भरताना जू हाताने उचलून पाहत. मागे भार अधिक झाला, की गाडी 'उलाळ' होई. जू वर उचलले जाई आणि जोत्यांनी बैलांचे गळे आवळले जात. लगेच दोन पोती पुढे सरकवीत. गाडीची पारख भरल्यावर करायची, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. मी हे सांगितले, तेव्हा पुतण्या काहीच बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने स्पेसर काढून टाकले, चाकांचे कोन तपासून घेतले आणि नेहमीइतका माल भरून, सपाट जागी भिंतीवर झोत टाकून दिवे पाहिले. पुढच्या स्प्रिंगा वयाने खरोखरच बसल्या असतील, तर मूळ मापाच्या नव्या घालाव्यात. दोन्ही बाजूंची उंची मोजली की ते कळते. जड पोती केबिनला लागून, मागच्या आसाच्या पुढे ठेवावीत.

वाचकहो, आपल्या घरांतूनही आता अशा गाड्या आहेत. रिकामी असताना तिचे नाक जरा खाली दिसले, तर दिसू द्या. रात्री समोरून येणारा कोणा घरचा तरी मुलगाच असतो.