केशरी छपराखाली कोण बसलं होतं?

तुमच्या शेजारी सत्तरी ओलांडलेले कुणी अमेरिकन आजी-आजोबा राहतात का? राहत असतील तर त्यांच्यासमोर एकदा 'हॉवर्ड जॉन्सन' हे नाव घेऊन बघा. बहुतेकांचा चेहरा खुलतो. मग ते तुम्हाला केशरी छपराबद्दल सांगतील, आईस्क्रीमच्या २८ चवींबद्दल सांगतील, तळलेल्या तिसऱ्यांबद्दल सांगतील. आणि गाडीत मागच्या सीटवर बसून "अजून किती लांब?" म्हणून जीव खाणाऱ्या भावंडांबद्दलही.

हे हॉटेल काही छोटं प्रकरण नव्हतं. १९२५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सी गावात हॉवर्ड जॉन्सन नावाच्या माणसाने एक छोटंसं औषधांचं दुकान घेतलं. तिथे सोडा आणि आईस्क्रीमही मिळायचं. औषधांपेक्षा आईस्क्रीमच जास्त खपलं! पुढे हायवेच्या कडेला त्याच्या हॉटेलांची रांग लागली. १९७०च्या दशकात ती हजाराच्या वर होती. लांबूनच केशरी छप्पर दिसायचं आणि मुलं ओरडायची. १९६० साली जॅक पेपां हा फ्रेंच आचारी तिथे कामाला लागला, आणि तेही व्हाइट हाउसमधली स्वयंपाकाची नोकरी नाकारून. मग जलद आणि स्वस्त बर्गरवाले आले, कंपनी विकली गेली, एकेक छप्पर उतरलं. शेवटचं हॉटेल लेक जॉर्जला होतं, ते २०२२ साली बंद झालं.

मला स्वतःला मात्र ऑटोमॅट जास्त आवडतं. फिलाडेल्फियात १९०२ साली आणि न्यूयॉर्कमध्ये १९१२ साली हॉर्न अँड हार्डार्ट कंपनीने ही हॉटेलं काढली. भिंतीत काचेची छोटी छोटी दारं असायची. प्रत्येक दाराआड एक बशी. कुठे पाय, कुठे मॅकरोनी-चीज, कुठे मलईतला पालक (आपली पालकाची पातळ भाजीच म्हणा ना, फक्त फोडणी नसलेली). तुम्ही फटीत नाणं टाकायचं, मूठ फिरवायची, दार उघडून बशी घ्यायची. भिंतीमागे माणसं उभी असायची, ती रिकामा झालेला कप्पा लगेच भरायची. कॉफीचा नळ डॉल्फिनच्या तोंडाच्या आकाराचा होता. १९१२ पासून १९५० पर्यंत कॉफीची किंमत एकच, पाच सेंट! अडतीस वर्षं! तुमच्या आईला विचारा, अडतीस वर्षांत दुधाचा भाव किती वाढला ते.

पण मला ते आवडतं ते स्वस्ताईमुळे नाही. तिथे वेटर नव्हता, टीप नव्हती, आणि तोंडाने काही मागावंच लागत नव्हतं. कालच बोटीतून उतरलेला, इंग्रजीचा एक शब्द न येणारा माणूस तिथे पोटभर जेवू शकायचा. काचेतून दिसतंय, आवडलं, नाणं टाका. मंदीच्या काळात ज्यांच्याकडे नाणंही नसायचं, ते टेबलावरचं फुकटचं केचप गरम पाण्यात घालून सूप करायचे. तुमच्यापैकी कुणाचे आजोबा इथे नवीन आले असताना काउंटरवर उच्चारायला घाबरून रोज एकच पदार्थ मागवायचे का? विचारून बघा. मी तर तीन महिने फक्त चीज सँडविचच मागत होते, कारण तेवढंच नीट म्हणता यायचं.

आता मुद्द्याकडे येते. आपल्या रविवारच्या वर्गात मी मुलांना सांगितलं, की शेजारच्या एखाद्या वयस्कर माणसाला लहानपणीच्या हॉटेलबद्दल विचारून या. एका मुलीने हॉवर्ड जॉन्सनचं छान वर्णन आणलं, वर चित्रही काढलं. दुसऱ्या मुलाचे शेजारी काळे अमेरिकन होते, लहानपण दक्षिणेकडे गेलेलं. ते त्याला म्हणाले, "आम्ही हॉटेलात जात नव्हतो. आई बुटांच्या खोक्यात जेवण बांधून द्यायची." का, ते या मुलाला समजलं नव्हतं. वर्गात थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

कारण असं होतं. तेव्हा अनेक ठिकाणी, विशेषतः दक्षिणेत, काळ्या लोकांना हॉटेलात बसू देत नसत. १९५७च्या ऑक्टोबरमध्ये घाना देशाचे अर्थमंत्री कोम्ला ग्बेदेमा डेलावेअरमधल्या डोव्हरला एका हॉवर्ड जॉन्सनमध्ये गेले आणि संत्र्याचा रस मागितला. रस घेऊन जा, पण इथे बसता येणार नाही, असं उत्तर मिळालं. देशाचा मंत्री! बातमी पसरली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना व्हाइट हाउसमध्ये नाश्त्याला बोलावलं. पण बुटांच्या खोक्यातून जेवणाऱ्या मुलाला कोण बोलावणार? १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरोमध्ये चार विद्यार्थी वुलवर्थ दुकानातल्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसले, आणि कॉफी मिळाली नाही तरी उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी आले. जुलैमध्ये तो काउंटर सगळ्यांसाठी खुला झाला. हॉटेलांसाठी देशभर लागू होणारा कायदा व्हायला मात्र १९६४ साल उजाडलं.

चित्र काढणारी मुलगी म्हणाली, "ताई, पण आईस्क्रीमबद्दल बोलताना हे कशाला? त्या आजींची आठवण खोटी आहे का?"

प्रश्न चांगला होता. नाही, खोटी नाही. आईस्क्रीम खरंच छान असणार. त्या आजींना आपण वाईट वाटायला लावायचं नाही. पण माझं मत विचाराल तर, 'जुनं ते सोनं' म्हणताना ते सोनं कुणाच्या वाट्याला आलं हे विचारायलाच हवं. एकाच रस्त्यावरून दोन गाड्या चालल्या होत्या. एक केशरी छपरापाशी थांबली, दुसरी थांबू शकली नाही. दोन्ही गाड्यांत मुलं होती, दोन्हींना भूक लागली होती. पहिल्या गाडीची गोष्ट पुस्तकात आणि टी-शर्टवर सापडते. दुसरीची गोष्ट शेजारच्या आजोबांना विचारल्याशिवाय कळत नाही.

आणि हो, यात आपण मराठी माणसांनी नाक वर करायचं कारण नाही. आपल्याकडेही कितीतरी चहाच्या दुकानांत दलितांसाठी वेगळे कप ठेवलेले असायचे. नुसतं तळ्याचं पाणी पिण्यासाठी बाबासाहेब आंबेडकरांना १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला. आपल्या आजी प्रवासात दशम्या बांधून न्यायच्या, ते आपण किती प्रेमाने सांगतो! त्यातल्या काही घरांत ते 'बाहेरच्यांच्या हातचं नको' म्हणूनही होतं. हे मी माझ्याच घराबद्दल लिहिते आहे.

त्या मुलाला मी पुन्हा शेजाऱ्यांकडे पाठवलं. यावेळी एकच प्रश्न दिला होता, खोक्यात काय काय असायचं? तो मोठी यादी घेऊन आला. तळलेली कोंबडी, उकडलेली अंडी, पाव, आणि कागदात गुंडाळलेला पाउंड केक. केक आईच्या हातचा, आणि तो कुठल्याही आईस्क्रीमपेक्षा चांगला होता, असं आजोबांनी मुद्दाम लिहून घ्यायला सांगितलं. कृती त्यांच्या बहिणीकडे आहे म्हणे. पुढच्या रविवारी ती फोनवर सांगणार आहे.