कुऱ्हाडीनंतरची सुनावणी

पुण्याच्या गणेशखिंड रस्त्याला इतिहास आहे. २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली ती याच रस्त्यावर. पुढे १९४९ साली विद्यापीठ स्थापन झाले, गव्हर्नरांचे निवासस्थान विद्येचे घर झाले आणि विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या या रस्त्याने ये-जा करू लागल्या. अलीकडच्या काळात या रस्त्याच्या रुंदीकरणासाठी कडेचे जुने वृक्ष तोडण्याचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा नागरिकांनी हरकती घेतल्या, निदर्शने केली आणि प्रकरण न्यायालयाच्या दारात गेले. अशा विरोधाची संभावना ‘मूठभर वृक्षप्रेमींचा हट्ट’ अशी करण्याची प्रथा आपल्याकडे रूढ झाली आहे. ती कितपत न्याय्य आहे, हे तपासून पाहिले पाहिजे.

वाहतुकीची कोंडी खोटी आहे असे कोणीही म्हणणार नाही. शहरातले प्रत्येक झाड अस्पर्श राहावे, असा आग्रहही व्यवहाराला धरून होणार नाही. प्रश्न एवढाच की, रस्ता रुंद केल्याने कोंडी सुटते काय? रस्ता वाढला की काही काळ वाहने सुरळीत धावतात. त्या सोयीने आणखी वाहने रस्त्यावर येतात आणि थोड्याच वर्षांत पूर्वस्थिती परत येते. हा अनुभव जगभरच्या शहरांनी घेतला आहे. पुण्यालाही तो नवा नाही. विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल मोठ्या अपेक्षेने बांधला गेला आणि दोन दशकेही पुरी होण्यापूर्वी, जुलै २०२० मध्ये, मेट्रो व नव्या दुमजली पुलासाठी पाडण्यात आला. पूल पुन्हा बांधता येतो. शंभर वर्षांचा वड पुन्हा बांधता येत नाही. नियोजनातल्या चुकीची किंमत म्हणूनच दोन्हीकडे सारखी नसते.

ही अपरिवर्तनीयता ओळखूनच महाराष्ट्राने १९७५ साली नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा केला. वृक्ष प्राधिकरण, वृत्तपत्रात जाहीर सूचना, प्रत्यक्ष झाडावर नोटीस आणि नागरिकांच्या हरकतींचा विचार अशी त्याची रचना आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचे स्थान दिले आणि जितके झाडाचे वय तितकी नवी झाडे लावण्याचे बंधन घातले. कायद्याचा हेतू निःसंशय स्तुत्य आहे. पण आराखडा पक्का, निविदा निघालेली, ठेकेदार नेमलेला आणि मग हरकती मागवायच्या, असा क्रम असेल तर सुनावणीला उपचारापलीकडे अर्थ काय उरला?

मुंबईतील आरेचे प्रकरण रस्त्याचे नव्हते, मेट्रोच्या कारशेडचे होते. परंतु त्यातला धडा इथे तंतोतंत लागू पडतो. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडे कापण्यास प्रारंभ झाला. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबवली, तेव्हा दोन हजारांहून अधिक झाडे जमीनदोस्त झाली होती आणि हवी तेवढी झाडे तोडून झाली असल्याचे शासनाने सांगितले. अपिलाचा हक्क कागदावर शाबूत राहिला. ज्याच्यासाठी अपील करायचे ते मात्र उरले नाही.

झाडाची किंमत पैशात मांडली तर ते वाचेल, अशी काहींची आशा असते. पश्चिम बंगालमधील जेसोर रस्त्यावर पूल बांधण्यासाठी ३५६ झाडे तोडण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने झाडाच्या वयाला ७४,५०० रुपयांनी गुणावे, असे सुचवले. या हिशेबाने शंभर वर्षांच्या झाडाचे मोल साडेचौऱ्याहत्तर लाख होते. तरीही फेब्रुवारी २०२३ मध्ये तोडीचा मार्ग मोकळा झाला. रेल्वे फाटकावर अडकणाऱ्या जीवांचा युक्तिवाद हलका नव्हताच. परंतु केवळ आकड्याने झाड वाचत नाही, एवढे त्यातून स्पष्ट झाले.

मग वाचते कशाने? बंगळुरूकडे पाहावे. बसवेश्वर चौक ते हेब्बाळ या मार्गावरील पोलादी उड्डाणपुलासाठी आठशेहून अधिक झाडे जाणार होती. १६ ऑक्टोबर २०१६ रोजी हजारो नागरिकांनी हातात हात गुंफून मानवी साखळी केली, हरित न्यायाधिकरणाने कामास स्थगिती दिली, व्यवहाराच्या पारदर्शकतेविषयी प्रश्न विचारले गेले आणि मार्च २०१७ मध्ये कर्नाटक सरकारने प्रकल्प मागे घेतला. लोक वेळेवर बोलले आणि कुऱ्हाड चालण्यापूर्वी बोलले, हे या यशाचे मर्म होय.

या वादात एक पक्ष नेहमी विसरला जातो. रुंद केलेला रस्ता कोणाचा? चारचाकीत बसलेल्याचा, की उन्हात बसची वाट पाहणारा कारकून, शाळेकडे चालत निघालेली शिक्षिका आणि सायकलवरचा विद्यार्थी यांचा? मोटारीत बसणाऱ्याला थंड हवा यंत्रातून मिळते; पायी चालणाऱ्याला ती झाडाखेरीज कोणी देत नाही. झाडे आणि पदपथ एकदमच कापले जातात, हा योगायोग नव्हे. कोंडी फोडायचीच असेल तर बसगाड्या वाढवणे, त्यांना स्वतंत्र मार्गिका देणे आणि रस्त्यावरच्या फुकट पार्किंगला आळा घालणे, हे उपाय आधी करून पाहिले पाहिजेत.

म्हणून मागणी साधी आहे. आराखडा कागदावर असतानाच झाडांची मोजणी प्रसिद्ध व्हावी, पर्यायांचा विचार लेखी नोंदवला जावा आणि अखेरची परवानगी मिळाल्यावरही नागरिकाला न्यायालयात जाता येईल इतके दिवस कुऱ्हाड थांबावी. यात विकासाला विरोध कोठे आहे? फाशीच्या शिक्षेपूर्वी अपिलाला अवधी देणारा समाज शंभर वर्षांच्या झाडाला पंधरा दिवस देऊ शकत नसेल, तर रुंदीकरणाची खरी गरज रस्त्याला नाही, आपल्या विचाराला आहे.