पुढचा भाग कधी?



मस्तगडला आमच्या घरी इशानंतर मी मुलीला मोबाइलवरची एक धारावाहिक कथा वाचून दाखवत असे. शेजारी अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, तसबीह घेऊन बसलेल्या. एका रात्री मी वाचले नाही, तर त्यांनीच विचारले, "उस लडकी का आगे क्या हुआ गं?" अम्मींना मराठी वाचायला जड जाते, पण ऐकत मात्र सगळे होत्या!

मी सांगितले, "अम्मी, कथा एकोणिसाव्या भागावर थांबली आहे. आठ महिने झाले, लेखिकेने पुढे लिहिलेच नाही."

हप्त्याहप्त्याने गोष्ट वाचायची सवय आपल्याकडे जुनी. पंडित रतननाथ सरशार यांची 'फसाना-ए-आझाद' 1878 पासून लखनौच्या 'अवध अखबार'मध्ये क्रमशः आली. मराठीत हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये 'करमणूक' साप्ताहिक काढले आणि 'पण लक्षात कोण घेतो' त्यात भागाभागाने छापली. तेव्हा निवड संपादक करत. आज 2014 मध्ये सुरू झालेल्या 'प्रतिलिपि'सारख्या ॲपवर मराठीत आणि उर्दूतही कोणीही लिहू शकते. मधे संपादक नाही, म्हणून पारख आपल्यालाच करावी लागते.

माझी रीत सांगते. पहिल्या पानावर दिसणाऱ्या, खूप वाचल्या गेलेल्या कथांवरच थांबू नका. आवडीचा विषय, गावाचे किंवा बोलीचे नाव टाकून शोधा. शेवटचा भाग कधी आला ती तारीख पाहा. तीन भाग वाचा. माणसे खरी वाटली तरच पुढे जा. आपल्या घरांची गोष्ट असेल तर बुरखा, तलाक आणि बिर्याणी यांपलीकडे त्यात काही आहे का, तेही बघा. एक लेखिका आवडली, की ती स्वतः कोणाला वाचते ते पाहा. नवी नावे तिथेच सापडतात.

काही कथांचा पुढचा भाग पैसे भरल्यावर लगेच उघडतो, नाहीतर थांबावे लागते. थांबा. सब्र केल्याने गोष्ट शिळी होत नाही. मुलांच्या हाती फोन देताना पैसे भरण्याची सोय बंद ठेवा आणि कथा आधी स्वतः वाचा.

आणि मुख्य म्हणजे, लिहिणारीला दोन ओळी लिहा. एकोणीस भाग मी फुकट वाचले, एक शब्द कळवला नव्हता. त्या रात्री अम्मींनी सांगितले तसे लिहिले: "बेटी, मी सत्तर वर्षांची आहे. त्या मुलीचे काय झाले ते ऐकायचे आहे."

बारा दिवसांनी उत्तर आले. तिला वाटले होते, कोणी वाचतच नाही. परीक्षा संपल्यावर विसावा भाग टाकीन, म्हणाली.

अम्मी आता रोज विचारतात, "परीक्षा हुई क्या उसकी?"

तुमच्या घरी कोणती कथा चालू आहे? जरूर कळवा.