पोटखराब्यातला हंगाम

आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात भाताची मळणी मार्गशीर्षाच्या आसपास उरकते. त्यानंतर मृगापर्यंत बहुतेक खाचरे उघडी पडलेली असतात. सातबाऱ्यावर दुसरे पीक नसते, म्हणून हा एकपिकी भाग ठरतो. एकपिकी भाग म्हटले की उरलेले सहा महिने इथली माणसे रिकामी, असा हिशेब योजना आखणारे करतात आणि पाहुणेही करतात. उन्हाळ्यात भीमाशंकरच्या वाटेला लागलेला शहरी माणूस दुपारी सुने पडलेले गाव बघतो आणि काय निवांत आयुष्य आहे म्हणतो. गाव सुने असते, कारण गाव डोंगरात गेलेले असते. फाल्गुन ते वैशाख हा इथला दुसरा हंगाम आहे. तो झाडावर येतो, त्याच्यावर घरे चालतात, आणि सरकारच्या एकाही वहीत त्याचा रकाना नाही. हे आता बदलायला हवे, आणि त्याला निवडणुकीची वाट पाहण्याचे कारण नाही.

सह्याद्रीचा वसंत दिसायला देखणा असतो, यात शंका नाही. माघ सरता सरता काटेसावर आणि पांगारा निष्पर्ण फांद्यांवर फुलतात, मग पळस पेटतो. कोशिंबाला आलेली लालभडक पालवी लांबून फुलांचा बहर वाटावी अशी. भीमाशंकरच्या रानात अंजन फुलतो तेव्हा त्याच्या बारक्या निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ थेट जुन्या फांद्यांनाच लगडलेले असतात आणि पडलेल्या फुलांनी पायवाटेचा रंग पालटतो. करवंदीला पांढरी फुले येतात, कुंभ्याची मोठाली फुले रात्रीत उमलून सकाळी खाली पडलेली सापडतात. पण इथल्या बाईमाणसांची नजर या सगळ्यावरून फिरून एकाच झाडावर थांबते. त्या झाडाचे फूल ना रंगाने डोळ्यांत भरणारे, ना वासाने. हिरड्याचा मोहर मळकट पांढरा असतो, वास उग्र असतो. तरी या दिवसांत गावात दोन माणसे भेटली की पहिला विषय तोच असतो. मोहर कसा आहे, अभ्राने गळला का, गारा आल्या तर काय राहील. कोकणातला बागायतदार आंब्याच्या मोहराकडे ज्या काळजीने बघतो, तीच काळजी इथे हिरड्याच्या वाट्याला येते. फरक एवढाच की आंब्याच्या मोहराची बातमी छापून येते.

हिरडा येईपर्यंत हात बांधून बसायचे नसते. राबाचे काम आधी असते. होळीच्या आगेमागे ऐनाच्या आणि इतर झाडांच्या फांद्या छाटून कवळं बांधायची, डोक्यावरून खाचरापर्यंत आणायची, वाळू द्यायची. मग जिथे भाताचे रोप टाकायचे त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, वाळलेली कवळं, गवत असे थर लावायचे, वर माती पसरायची आणि वारा पडलेला बघून पेटवायचे. भाजलेल्या जमिनीत तणाचे बी मरते, राख रोपाला मिळते, रोप जोमदार येते. वाऱ्याचा अंदाज चुकला तर ठिणगी गवतात जाते आणि डोंगर वणव्यात सापडतो. हा धोका खरा आहे. वनखाते त्यावर बोट ठेवते ते चूक नाही. पण ऐनाची फांदी छाटणारा कोयता हिरड्याला, आंब्याला, मोहाला लागत नाही, हेही तितकेच खरे आहे आणि ते फारसे सांगितले जात नाही. खायला-विकायला देणारे झाड राखायचे, ही समज इथे कायद्याच्या आधीपासून आहे.

आणि पाणी. पावसाळ्यात या भागाइतका पाऊस राज्यात फार थोड्या ठिकाणी पडत असेल. तो कातळावरून धावत घोडनदीत जातो, तिथून डिंभे धरणात, आणि धरणातून कालव्यांनी पूर्वेकडच्या बागायतीला. धरणाच्या वरच्या वाड्यांत चैत्रात झरा आटत आटत करंगळीएवढा होतो. बाया पहाटे उठून कपारीतले पाणी वाटीने हंड्यात भरतात. एका हंड्याला किती वेळ लागतो यावर घरातल्या बाकीच्या दिवसाचे वेळापत्रक ठरते. टंचाई आराखड्याचे टप्पे ठरलेले असतात, ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. प्रस्ताव, पाहणी, मंजुरी हे सगळे होऊन टँकर येईपर्यंत बहुधा उन्हाळ्याचा मोठा भाग सरलेला असतो. पाण्याचा प्रश्न स्वतंत्र आहे आणि त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. इथे एवढेच सांगायचे आहे की पाण्यापाशी गेलेला प्रत्येक तास हा हिरड्याच्या हंगामातून वजा होतो, कारण दोन्हीकडे राबणारे हात त्याच बायकांचे.

बाळहिरडा म्हणजे हिरड्याचे कोवळे, आत आठळी न धरलेले फळ. पाडव्यानंतर ते धरू लागते आणि वैशाखात कामाचा जोर असतो. दिवस मोजके. फळ फार लवकर काढले तर वजन भरत नाही, थांबले तर आठळी धरते आणि तो माल बाळहिरडा म्हणून जात नाही. शिवाय वळवाची सर कधी येईल याचा नेम नसतो. सकाळी उन्हाच्या आत घरे झाडांखाली पोहोचतात. घरातला पुरुष किंवा थोरला मुलगा वर चढतो. जुनी झाडे पाच-सहा पुरुष उंच असतात, खोड गुळगुळीत नसले तरी खालच्या फांद्या लांब असतात. वर एक हात फांदीला आणि दुसऱ्या हातात काठी, अशा बेतात तो फांद्या झोडपतो. खाली बाया, म्हाताऱ्या, परीक्षा संपलेली पोरे पाचोळ्यातून एकेक फळ वेचतात. बोटाच्या पेरापेक्षा लहान, हिरवे फळ पाचोळ्यात सहज दिसत नाही. दिवसभर वाकून वेचल्यावर पाटी भरते. ती कातळावर किंवा अंगणात पसरायची, दिवसातून दोनदा हालवायची, संध्याकाळी आभाळ बघून गोळा करायची. चार-सहा दिवसांत फळ आक्रसते, सुरकुतते, काळे ठिक्कर पडते आणि वजन इतके घटते की भरलेल्या पाटीचे तळाशी थोडेसे उरते. भिजले तर बुरशी येते, आणि सगळी मेहनत उकिरड्यावर. या हंगामात झाडावरून पडून हातपाय मोडणारे, कायमचे अंथरुणाला खिळणारे, जीव गमावणारे असतात. खाणीत किंवा कारखान्यात असे झाले तर चौकशी होते. इथे घरचे लोक डोलीने दवाखाना गाठतात.

हा माल पुढे औषधी कारखान्यांत जातो. आयुर्वेदात हिरड्याचे स्थान काय आहे ते मराठी वाचकाला सांगायला नको. त्रिफळ्यातला एक तोच, पोटाच्या तक्रारीवर आजीच्या बटव्यातून पहिला निघायचा तोही तोच. कारखानदाराला त्याची गरज बारमाही आहे, झाड मात्र वर्षातून एकदा देते. अशा मालाचा भाव खरे तर विकणाऱ्याच्या बाजूने असायला हवा. तसे होत नाही, कारण विकणाऱ्याला थांबता येत नाही. मृग तोंडावर असतो, बियाणे घ्यायचे असते, पोरांच्या वह्या-दप्तरे असतात, गावाची जत्रा आणि घरातले लग्नही याच दिवसांत असते. किराणा उधारीवर आणलेला असतो आणि बऱ्याचदा उधारी देणारा दुकानदारच हिरडा घेणारा असतो. तो सांगेल तो दर.

हे होऊ नये म्हणून व्यवस्था उभी केलेली आहे, आणि ती आजची नव्हे. आदिवासी विकास महामंडळ 1972 साली स्थापन झाले. 1976 साली आदिवासींच्या आर्थिक स्थितीत सुधारणा करण्यासाठी राज्याने कायदा केला आणि त्याच्या आधारावर एकाधिकार खरेदी सुरू झाली. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपजावर मालकी दिली. केंद्राने 2013-14 मध्ये गौण वनउपजाला किमान आधारभूत किंमत देण्याची योजना आणली, तिच्या पहिल्याच यादीत हिरडा होता. कागदावर याहून अधिक काय हवे? पण आधारभूत किंमत तेव्हाच आधार होते, जेव्हा केंद्र हंगामात उघडे असते, काटा लागलेला असतो आणि पैसे हातात पडतात. खरेदीचा निर्णय वैशाख संपताना होत असेल, तर तोवर गरजवंताचा हिरडा व्यापाऱ्याच्या गोदामात गेलेला असतो आणि सरकारी दराचा लाभ साठवण करू शकणाऱ्यालाच होतो. शिवाय यादीतला पक्व हिरडा वेगळा आणि बाळहिरडा वेगळा. दोघांच्या मेहनतीत, वजनात आणि बाजारात मोठे अंतर आहे. बाळहिरड्याचा दर स्वतंत्र आणि हंगामाआधी जाहीर झालाच पाहिजे.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागले आणि घाट चढून पुणे जिल्ह्यात आले. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या उभे असलेले हिरडे मुळासकट उपटले गेले, उरलेल्यांच्या फांद्या पिळवटून निघाल्या. कोकणातल्या नारळाला झाडामागे 250 रुपये आणि सुपारीला 50 रुपये अशी मदत सरकारने ठरवली. रक्कम तुटपुंजी होती हे खरेच, तरी झाड मोजले गेले, त्याला किंमत आहे हे मान्य झाले. हिरड्याच्या वाट्याला तेही सहज आले नाही. हिरडा म्हणजे पीक की फळबाग की जंगल, या प्रश्नात मदतीचे कागद अडकले आणि ज्यांची झाडे पडली त्यांना वर्षामागून वर्षे मोर्चे आणि उपोषणे करावी लागली. नारळाचे झाड पुन्हा लावले तर सहा-सात वर्षांत फळावर येते. हिरड्याची वाट त्याहून कितीतरी अधिक काळ पाहावी लागते. ज्या म्हाताऱ्याचे झाड पडले, त्याच्या हयातीत तिथे दुसरे उभे राहणार नाही.

या सगळ्याचे मूळ सातबाऱ्यात आहे. ज्या उतारावर हिरडा उभा असतो तो उतार नांगराखाली येत नाही, म्हणून तो पोटखराब म्हणून नोंदलेला असतो. त्याला आकारणी नाही, पीक नाही, म्हणून पीककर्ज नाही, विमा नाही, नुकसान झाले तर पंचनाम्याला आधार नाही. भाताच्या चार गुंठ्यांना जो मान आहे तो त्या घराला रोख पैसा देणाऱ्या वीस झाडांना नाही. महसूल खात्याने 2021 पासून ई-पीक पाहणी आणली, शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून पीक नोंदवायचे. त्यात बांधावरची झाडे नोंदवण्याची सोय आहे. मग उतारावरचा हिरडा त्यात नीट, संख्येसह, वयाच्या अंदाजासह का येऊ नये? डोंगरात मोबाइलला रेंज मिळत नाही ही अडचण आहेच. तिथे तलाठी आणि कृषी सहायकांनी चैत्रात एक फेरी मारावी आणि ग्रामसभेत यादी वाचून दाखवावी. गावात कोणाचे कोणते झाड, कोणत्या भावाच्या वाटणीत कोणती फांदी, हे लोकांना तोंडपाठ असते. वनहद्दीतल्या झाडांची नोंद सामूहिक वनहक्काच्या आराखड्यात व्हावी. हे काम खर्चाचे नाही.

झाड राखण्याच्या दृष्टीनेही हे निकडीचे आहे. सह्याद्रीत मालकीच्या रानातली झाडे लाकडासाठी ठेकेदाराला उभीच्या उभी विकली जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. हिरडा आजवर वाचला तो त्याच्या फळाच्या पैशामुळे. भीमाशंकरचे अभयारण्य 1985 साली जाहीर झाले. त्याच्या शेजारच्या मालकी रानांतही शेकरू उड्या मारतो, तो फळझाडांच्या एकमेकांत गुंतलेल्या माथ्यांवरून. हंगाम दोनचार वर्षे तोट्यात गेला, चढणारी तरुण पोरे मुंबई-पुण्याला गोदामात आणि हॉटेलांत लागली, की झाडाचा उपयोग लाकडापुरता उरतो. मग ठेकेदार येतो. तेव्हा जंगल वाचवा म्हणून फलक लावून काही होणार नाही.

म्हणून मागणी साधी आहे आणि तारखेनिशी आहे. बाळहिरड्याचा दर पाडव्याला जाहीर करावा. खरेदी केंद्रे अक्षय्य तृतीयेच्या आत उघडावीत, आणि ती तालुक्याच्या गावी न ठेवता डिंभ्याच्या वरच्या खोऱ्यांत, जिथून पाटी डोक्यावर आणता येईल अशा ठिकाणी असावीत. पैसे आठवड्याच्या आत खात्यावर जमा व्हावेत. झाडावर चढणाऱ्या प्रत्येकाचा अपघात विमा महामंडळाने स्वतःच्या खर्चाने उतरवावा आणि चढण्यासाठी दोर-पट्टे पुरवावेत. झरे साफ करण्याची, कपारीखाली टाके बांधण्याची कामे रोजगार हमीतून पौष-माघात संपवावीत, म्हणजे चैत्रात बायकांचे तास मोकळे राहतील. पंचायत समितीची जानेवारीतली बैठक यासाठी पुरेशी आहे, विषयपत्रिकेवर हिरडा लिहिला गेला तर.