वाट चुकलेला बारगीर

मध्ययुगातला माणूस उचलून आजच्या जगात आणून सोडायचा आणि त्याच्या गोंधळातून हसू काढायचे, ही कालप्रवासी विनोदपटाची युक्ती दिसायला सोपी असली, तरी तिचे यश प्रेक्षक कोणाला हसायला तयार आहे यावर ठरते. ज्याँ-मारी प्वारे यांच्या १९९३ सालच्या 'ले व्हिझितर' या फ्रेंच चित्रपटात ११२३ सालचा एक सरदार आणि त्याचा सेवक जादूगाराच्या काढ्यात एक जिन्नस राहून गेल्यामुळे १९९२ सालात येऊन पडतात. सरदाराचा किल्ला आता हॉटेल झालेला असतो आणि त्याचा मालक असतो त्या सेवकाचाच वंशज. सरदाराला हा उलटा न्याय सोसवत नाही, सेवकाला मात्र तो इतका मानवतो की तो परतायचेच टाळतो आणि स्वतःच्या जागी त्या वंशजाला बाराव्या शतकात धाडून देतो. फ्रान्समध्ये या चित्रपटाची १ कोटी ३० लाखांहून अधिक तिकिटे खपली, त्यात मोटारीला राक्षस समजून तिच्यावर तुटून पडण्याच्या प्रसंगांचा वाटा असेलच, पण खरा वाटा या धनी-चाकराच्या अदलाबदलीचा असावा.

मराठीत या जातीचा सर्वांत ठळक चित्रपट म्हणजे संतोष मांजरेकर दिग्दर्शित 'मी शिवाजीराजे भोसले बोलतोय' (२००९). मराठी म्हणून जन्माला आल्याचे दुःख करणाऱ्या दिनकर भोसले या मुंबईकर नोकरदारासमोर तेथे साक्षात महाराज उभे राहतात. मात्र तेथील कालप्रवासी गोंधळत नाही. त्याला गोंधळवण्याची मुभा लेखकाला नाही, दिग्दर्शकाला नाही आणि प्रेक्षकाला तर त्याहून नाही; त्यामुळे हसू आजूबाजूच्या माणसांकडे वळते आणि पाहुणा उपदेशकाच्या आसनावर जाऊन बसतो. यात श्रद्धेचा दोष नाही. पण ज्याला हसता येत नाही त्यालाच दर वेळी विनोदपटाचा पाहुणा म्हणून बोलवायचे आणि मग चित्रपटात भाषणे फार झाली म्हणून कुरकुर करायची, हा आपला खाक्या विचित्र आहे खरा.

वास्तविक तमाशाने ही अडचण केव्हाच सोडवली होती. गण आणि गवळण झाल्यावर येणारी बतावणी, म्हणजे सोंगाड्याची हजरजबाबी प्रश्नोत्तरे, आणि तिच्या मागून येणारा वग, म्हणजे सलग कथानाट्य, यांत राजा कोणत्याही काळचा असला तरी त्याच्या दरबारात गाऱ्हाणी आजचीच मांडली जातात. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके हवालदार झाले होते, राजा नव्हे. आणि नाटक कोणी खाल्ले हे सांगायला नकोच.

म्हणून पाहुणा आणायचा तर बारगीर आणावा. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार, आणि ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळतो तो बारगीर. सभासदाच्या बखरीप्रमाणे अशा २५ बारगिरांवर एक हवालदार असे आणि २५ घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. समजा, सेनापती संताजी घोरपड्यांच्या फौजेतला असा एक बारगीर, दोड्डेरीच्या गढीत कासीमखानाची कोंडी करून परतताना, शके १६१७ मधून वाट चुकला आणि कुरुंदवाडला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर उतरला. पाणी त्याला ओळखू येईल, पैलतीरावरच्या नरसोबाच्या वाडीचे नावही त्याच्या कानावर असेल. गावातल्या पाट्या मात्र त्याला अडवणार नाहीत, कारण तो बहुधा निरक्षर असेल. मोडी वाचणाऱ्या कारकुनाची जी तारांबळ उडाली असती, तिच्यापासून तो सुटला.

त्याला खरे चकवतील ते ओळखीचे शब्द. राज्यव्यवहारकोशाने शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द घालून दिले, तरी हवालदार, तहसीलदार, सनद, मजकूर हे शब्द तगले, आणि तगता तगता आतून बदलले. चौकीतल्या हवालदाराला मुजरा करून हा आपला घोडा मागेल. हवालदार ओळखपत्र मागेल. दोघेही शुद्ध मराठी बोलत असतील आणि एकमेकांचे एक अक्षर कळणार नाही. पागेची चौकशी करत तो गावभर फिरलाच, तर कोणी जाणता त्याला सांगेल की येथील पटवर्धन संस्थानिकांच्या पदरी अश्वशिक्षक असलेल्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली सर्कस काढली; रणातला घोडा रिंगणात नाचला, हे ऐकून त्याने काय करावे ते पटकथाकाराने ठरवावे.

पण कुरुंदवाड हे ठिकाण विनोदपटासाठी निवडण्याचे कारण वेगळेच आहे. संगमाच्या घाटावर त्याच्या सेनापतीची समाधी आहे, आणि ज्या काळातून तो आला त्या काळात सेनापती जिवंत आहेत. दोड्डेरीनंतर दोनच वर्षांत स्वकीयांच्या वैरातून त्यांचा घात झाला, हे त्याला ठाऊक नाही. तो विचारील ते एवढेच, की सेनापती गेले कधी. घाटावर धुणे धुणारी एखादी बाई सोळाशे सत्त्याण्णव म्हणून मोकळी होईल. याची कालगणना शकाची. इसवी सन त्याने ऐकलेला नाही. बोटांवर हिशेब करून तो ऐंशीवर येईल, म्हणजे सेनापतींना अजून ऐंशी वर्षे आहेत असे धरून समाधीपुढे डोके टेकवील, आणि वाडीला जाणारी नाव केव्हा सुटते याची विचारपूस करत निर्धास्तपणे घाटाच्या पायऱ्या उतरू लागेल.